झाकणाच्या आतला आकडा

"थांबा साहेब, पहिलं वाचू द्या."

पंपावर गाडी लावली की चाचांचं हे पहिलं वाक्य. नळीला हात लावण्याआधी ते गाडीच्या मागच्या अंगाला जायचे, टाकीचं बाहेरचं झाकण उघडायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि गुडघ्यावर हात टेकून वाकायचे. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यानं चिकटवलेला एक बारीक कागद असतो. या गाडीला कोणतं पेट्रोल चालतं, किमान किती ऑक्टेनचं लागतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्यापैकी कितीजणांनी तो वाचलाय? मी वाचला नव्हता, हे आधीच कबूल करतो. कारखान्यात सुट्या भागांची मोजमापं तपासणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा, आणि स्वतःच्या गाडीवरचा आकडा मी दोन वर्षं वाचला नव्हता.

चाचा वाकले की मागचे लोक हॉर्न वाजवायचे. एकदा एक रिक्षावाला ओरडला, "काय चाचा, लग्नपत्रिका हाय का?"

चाचा मान न वळवता म्हणाले, "व्हय. जोडी जुळती का बघतो."

पंप कुठला ते सांगत नाही. पुंडलिकनगरातल्या माझ्या घरापासून कामावर जाण्याच्या वाटेवर तो होता, एवढं पुरे. चाचा रोज फुलंब्रीहून यायचे. तीस वर्षं त्यांनी शहरात इंजिनाचं काम केलं होतं. एकदा जॅक घसरला आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. पान्हा पकडता येईना. तेव्हापासून पंपावर. वय छप्पन्न. ही नोकरी सोडून दुसरं काम त्या हाताला कुणी देणार नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पहिली भेट मला नीट आठवते, कारण तिची अजून लाज वाटते. मी गाडी लावली आणि नेहमीच्या थाटात म्हणालो, प्रीमियम, फुल. गाडी घेतल्यापासून मी महागातलंच टाकत होतो. माझ्या साडूनं सांगितलं होतं, थोडे रुपये जास्त जातात पण गाडी लोण्यासारखी पळते. साडूची गाडी लोण्यासारखी पळते की नाही हे मी कधी तपासलं नव्हतं. एरवी मी भाजीवाल्याचा काटासुद्धा शून्यावर आहे का ते बघतो.

चाचांनी झाकण उघडून बघितलं. माझ्या गाडीचा कागद धुण्यानं पुसट झाला होता. ते म्हणाले, गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा. मी पुढचा खण उघडला. पुस्तक होतं, अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये बंद.

"उघडा की," चाचा म्हणाले. "दोन वर्सांत पुस्तकाचा जीव गुदमरला."

मी प्लास्टिक फाडलं. इंधनाचं पान सापडलं. किमान एक्याण्णव.

"आणि तुमी पंच्याण्णव कायला पाजताय?"

गाडीला चांगलं असतं म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं दहा जणांना सांगितलंय, पण त्यांच्यासारखं जमत नाही.

"साहेब, हा आकडा म्हंजे ताकद नाय. सबर हाय. इंजिन पेट्रोलला दाबतं. दाबलं की ते तापतं. तापलं की काही पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच भडकतं, मग इंजिन टकटक करतं. जास्त आकड्याचं पेट्रोल दाबलं तरी भडकत नाय, ठिणगीची वाट बघतं. ज्याचं इंजिन लई दाबतं, त्याला ते पायजे. तुमचं इंजिन गरीब हाय. ते कुणाला जास्त दाबतच नाय."

मी घरी येऊन वाचलं, तपासलं. शब्दन् शब्द बरोबर होता. तरीही मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चार टाक्या साध्या पेट्रोलच्या, चार प्रीमियमच्या, तोच रस्ता, चाकात तीच हवा, असं चार महिने मोजलं. ॲव्हरेजमध्ये फरक इतका किरकोळ निघाला, की एखाद्या लाल दिव्याला जास्त थांबलो असलो तरी तेवढा पडावा. (इथेनॉल मिसळायला लागल्यापासून साध्या पेट्रोलचेही आकडे बदललेत. मी सांगतोय ते त्याआधीचं.) निष्कर्ष सांगायला मी मुद्दाम पंपावर गेलो. चाचांनी माझी वही लांब धरून बघितली आणि म्हणाले, मी तुमाला एका मिनिटात सांगितलं व्हतं, तुमाला चार महिने लागले.

त्यांचा प्रीमियमवर राग होता असं समजू नका. एक डॉक्टरबाई यायच्या, टर्बो इंजिनची गाडी होती त्यांची. झाकणावर पंच्याण्णव लिहिलेलं, आणि त्या साधं टाकायला सांगायच्या. मी मागेच उभा होतो. चाचांनी विचारलं, ताई, चढावर टकटक करती का? बाई म्हणाल्या, करते. मग ती पंच्याण्णव मागतीय, चाचा म्हणाले. बाई भडकल्या. तुम्ही सगळे सारखेच, महागातलं खपवायला बसलाय, असं बरंच बोलल्या. चाचा झाकण उघडं धरून बाजूला उभे राहिले. बाई शेवटी गाडीतून उतरल्या, वाकल्या, वाचलं. "टाका मग तेच," म्हणाल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. चाचांना तिची अपेक्षाही नव्हती. बाईची गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, "वाचलं ना? बास झालं."

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वाचा आणि टाका. आता या एवढ्याशा गोष्टीत कुणाचं काय बिघडत होतं ते सांगतो, कारण माझा खरा राग तिथून सुरू होतो.

पंपाच्या ऑफिसात एक पांढरा फळा होता. त्यावर पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे त्यानं त्या दिवशी किती लिटर प्रीमियम खपवलं तो आकडा. सर्वांत वरच्याला शाबासकी, सर्वांत खालच्याला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं. त्यामुळे काय व्हायचं ते तुम्ही अनुभवलंच असेल. तुम्ही फोनवर बोलत असता, "फुल करा" म्हणता, आणि तुम्हाला न विचारता महागाची नळी टाकीत जाते. तुम्ही हरकत घेतली तर "अहो, बोलला नाहीत तुम्ही." कधी "साधं संपलंय." शेजारच्या मशीनवर साधं वाहत असताना संपलंय. आणि वर फलक, त्यावर डोंगरात उड्या मारणारी गाडी आणि खाली "इंजिनाला द्या नवी ताकद". ताकद! हा शब्द तिथं लिहिणाऱ्याला समोर बसवून चाचांचं ते सबरवालं भाषण ऐकवावं असं मला रोज वाटायचं. ज्याच्या गाडीला लागतं त्याला द्या की. ज्याच्या गाडीला लागत नाही त्याला ताकदीच्या नावाखाली का देता? ही फसवणूक आहे आणि ती हसतमुखानं केली जाते, म्हणून मला ती जास्त चीड आणते.

चाचांचं नाव त्या फळ्यावर कायम तळाला. मॅनेजर म्हणजे मालकाचा भाचा. वयानं चाचांच्या मुलासारखा, पण चाचांना अरेतुरे करायचा. माझ्यासमोर एकदा म्हणाला, "तू पेट्रोल विकतो का वाचनालय चालवतो?"

चाचा म्हणाले, "दोन्ही. पगार एकाचाच भेटतो."

आसपासचे सगळे हसले. मॅनेजर हसला नाही.

आता माझी चूक. ती मी टाळून पुढं जाऊ शकलो असतो, पण मग हे लिहायचं कशाला?

एका सकाळी चाचा दुसऱ्या बाजूला होते आणि माझी गाडी भलत्याच मशीनवर लागली. मी स्पष्ट "साधं" म्हणालो होतो. तरी त्या माणसानं प्रीमियम सुरू केलं. मी ओरडेपर्यंत नऊ लिटर गेलं होतं. माझं डोकं फिरलं. मी तक्रारवही मागितली. आधी म्हणाले, वही नाहीच. मग म्हणाले साहेबांच्या कपाटात आहे, साहेब बाहेर गेलेत. मी गाडी मशीनसमोरच आडवी ठेवली आणि म्हणालो, साहेब येईपर्यंत थांबतो. अर्ध्या तासानं वही सापडली.

मी पूर्ण पान लिहिलं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, मशीनचा नंबर, माझ्या आठ टाक्यांचे आकडे, पुस्तकातल्या पानाचा उल्लेख. इथपर्यंत ठीक होतं. पण तक्रार पुराव्यानिशी करावी ही माझी सवय. मी पुढं लिहिलं, की याच पंपावरचे एक ज्येष्ठ कर्मचारी प्रत्येक गाडीचं झाकण उघडून आकडा वाचतात आणि गरज नसेल तर प्रीमियम टाकू नका असं ग्राहकाला स्पष्ट सांगतात. चाचांचं नाव लिहिलं. वही येईपर्यंत मी त्यांच्या मशीनवरच्या गाड्या मोजत होतो, तेही लिहिलं: माझ्यासमोर अकरा गाड्या आल्या, त्यांतल्या चौघांनी प्रीमियम मागितलं, चौघांपैकी तिघांना त्यांनी साध्यावर वळवलं. अशा माणसाचा जाहीर सत्कार व्हावा, असं लिहून मी खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

पंपावरून निघताना मी चाचांना हात केला. मला वाटत होतं, मी त्यांचं भलं केलंय.

पुढच्या आठवड्यात चाचा कोपऱ्यात हवा भरायच्या जागी दिसले. बधिर बोटांनी चाकाची बारीक टोपी फिरवत होते, ती निसटून खाली पडत होती, ते ती शोधत होते. मी विचारलं, इकडं कसे? ते म्हणाले, इथं वाचायला काय नसतं. मी त्यांचं हे उत्तर विनोद म्हणून घेतलं आणि हसलो. त्यानंतरच्या आठवड्यात त्या कोपऱ्यातही ते नव्हते.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. चाचा कुठं आहेत? काढलं, तो म्हणाला. का? त्यानं खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझ्याच पानाची झेरॉक्स होती. अकरा, चार आणि तीन या आकड्यांभोवती लाल पेनानं गोल केले होते.

"आम्हाला संशय होता," तो म्हणाला. "पुरावा तुम्ही दिला, सर. इतकं नीट कुणी लिहून देत नाही."

मी पुष्कळ बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माझ्या आवाजानं बाहेरचे लोक काचेतून आत बघत होते. तो शांत बसून होता. एकदाच म्हणाला, पाणी घ्या सर. मला आयुष्यात इतकी हतबल चीड कधी आली नाही. माणसानं खरं सांगितलं म्हणून त्याला काढलं, आणि ते खरं होतं हे माझ्या सहीनं सिद्ध केलं.

रविवारी मी फुलंब्रीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. पूर्वी इंजिनाचं काम करणारे, म्हटल्यावर पहिल्याच दुकानदारानं बोट दाखवलं. चाचा दारात खाट टाकून बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा आणला, बिस्किटं आणली आणि ती आत जाऊन बसली. मी बोलायला सुरुवात केली: तुमचा सत्कार व्हावा म्हणून लिहिलं होतं, माझा हेतू असा होता, तसा होता. चाचा ऐकत होते. चष्मा कपाळावर होता.

"तुमी माझं नाव लिवलं," ते म्हणाले.

"चांगल्यासाठी लिहिलं, चाचा."

"मला इचारलं व्हतं का?"

मी बिस्किटांची बशी बाजूला सरकवली.

"तुमाला मोजायचं व्हतं तर पेट्रोल मोजायचं. मला कायला मोजलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी तीन वर्सं हेच करत व्हतो. कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. मॅनेजर बोंबलायचा, मी हसायचो, दिवस जायचा. तुमी एका पानात सगळं हिशोबात आणलं. साहेब, तुमी लई चांगले हायात. पर मला आता चांगल्या माणसाचंच भ्या वाटतं."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "जी, चाय ठंडी हो रही."

मी चहा प्यालो. न पिणं शक्य नव्हतं.

परत आल्यावर मी थेट मालकाला गाठलं. पेट्रोल पुरवणाऱ्या कंपनीकडे लेखी जाईन, माझ्याकडे आठ टाक्यांचे आकडे आहेत, न विचारता प्रीमियम टाकल्याची तारीख आहे, असं सांगितलं. मालक भाच्यापेक्षा हुशार निघाला. त्यानं वाद घातला नाही. म्हातारा परत आला तर आमची ना नाही, म्हणाला. फक्त दोन गोष्टी. त्यानं प्रीमियमच्या मशीनवर उभं राहायचं आणि ठरलेले लिटर रोज खपवायचे. आणि झाकण वाचत बसायचं नाही, गिऱ्हाईक खोळंबतं.

मी उठून तावातावानं निघालो. जिन्यात थांबलो. हा निरोप चाचांना सांगायचा की नाही? सांगितला तर त्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. न सांगितला तर त्यांच्या वतीनं मी पुन्हा एकदा परस्पर ठरवून टाकल्यासारखं होतं. मी फोन लावला आणि मालकाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, स्वतःचा एक शब्द न घालता.

मग चाचा म्हणाले, "कधीपासून?"

सोमवारपासून, मी म्हणालो.

"बरं."

मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. मनात मी त्यांचं उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं सणसणीत. दुसऱ्याच्या पोटावर उभं राहून ताठ मानेची अपेक्षा करणं किती सोपं असतं ते मला त्या "बरं"नं दाखवलं. त्या दिवशी मला मालकाचा राग होता, भाच्याचा होता, डोंगरात उड्या मारणाऱ्या त्या गाडीच्या फलकाचा होता, आणि या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त स्वतःचा होता.

त्यानंतर चाचा त्या पंपावर दोनेक महिने होते. मग दिसेनासे झाले. यावेळी मी कुणाला विचारलं नाही. फुलंब्रीलाही गेलो नाही. त्यांना माझ्या चौकशीची किती भीती आहे हे त्यांनीच सांगितलं होतं. त्या दोन महिन्यांत मी त्यांच्यासमोर एकदाच गेलो, तेवढं सांगून थांबतो.

दुपारची वेळ होती. मी मुद्दाम त्यांच्या मशीनच्या रांगेत गाडी लावली. ठरवूनच गेलो होतो. माझा नंबर आला, काच खाली केली आणि म्हणालो, "प्रीमियम. फुल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे.

"ह्या गाडीला?"

"हो. तुमच्या फळ्यावर आकडा चढेल तेवढाच."

चुकलोच. ते शब्द बाहेर पडल्याबरोबर मला कळलं. चाचांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रिक्षावाल्यांनी, मॅनेजरनं, त्या डॉक्टरबाईंनी इतकं ऐकवलं, तेव्हाही नाही.

"दान करायला आले का?" ते हळू आवाजात म्हणाले. "सगळ्यांना टाकीन. त्यांना ठाऊक नाय. तुमाला ठाऊक हाय. तुमाला नाय टाकणार. बाजूच्या लायनीत जावा."

"चाचा..."

"जावा, साहेब. मागं गाडी हाय."

मी गाडी काढली आणि वळसा घालून बाजूच्या रांगेत लावली. तिथं एक बाई होत्या, त्यांनी विचारलं कोणतं, मी साधं म्हणालो. चाचांच्या मशीनसमोर माझ्यामागची गाडी आली होती. छोटीशी गाडी, माझ्यासारखीच. आतला माणूस फोनमध्ये बघत होता. चाचांनी विचारलं, प्रीमियम टाकू? त्यानं मान डोलावली. चाचांनी झाकण उघडलं, नळी लावली, सरळ उभे राहिले आणि मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "झिरो बघा."

त्या माणसानं फोनमधून मान वर केली नाही. झिरो मी बघितला.